‘माझा प्रवास’ : आधी आवृत्ती बघा

वटारला घरी बसून प्रबंधाचं एक प्रकरण लिहिलं. विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मधला उतारा देऊन खाली ‘ही गोडसे भटजींची भाषा’ असं ठोकून दिलं. मार्गदर्शकांनी एकच विचारलं, "आवृत्ती कोणती?"

माझ्याकडे १९०७ची होती. घोळ तिथेच! गोडसे १८५७मध्ये वरसईहून दक्षिणा मिळवायला उत्तर हिंदुस्थानात निघाले. लिहिलं मात्र सुमारे पंचवीस वर्षांनी, आठवणीतून. १९०७ला चिं. वि. वैद्यांनी ते छापलं ते भाषा बदलून, काटछाट करून. मूळ हस्तलिखितावरची दत्तो वामन पोतदारांची आवृत्ती आली १९६६ला.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेच्या पश्चिमेकडे गेलेल्या लुईस-क्लार्क मोहिमेच्या (१८०४–०६) रोजनिश्या वाटेतच लिहिलेल्या. तरी १८१४ला वाचकांना मिळालं ते निकोलस बिडलने बेतलेलं सलग कथन. मूळ रोजनिश्या १९०४–०५मध्ये छापल्या गेल्या.

मग गोडसे टाकाऊ? मुळीच नाही. झाशीच्या वेढ्यात अडकलेल्या गरीब भिक्षुकाची भीती तिथे जिवंत आहे. फक्त तारखा इतर साधनांशी ताडून घ्या, आणि भाषेबद्दल बोलायचं तर पोतदारांची आवृत्ती उघडा. मी ते प्रकरण पुन्हा लिहितेय. तुमच्यावर ती वेळ येऊ नये.