पेंद्याचा वाटा : ऑनलाइन खेळांतील हौशी स्वारीची संहिता

ऑनलाइन बहुखेळाडू भूमिका-खेळांत ‘रेड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकाराला मराठी पर्याय शोधू गेल्यास ‘धाड’, ‘छापा’ आणि ‘स्वारी’ असे तीन शब्द पुढे येतात, आणि तिन्ही काहीसे अपुरे पडतात. धाड दरोडेखोर घालतात, छापा सरकारी खाते घालते, स्वारीला बखरीचा वास येतो. त्यातल्या त्यात स्वारी बरा. निदान त्यात मोहीम, वाटचाल आणि लूट या तिन्हींना जागा आहे. मात्र या खेळांतील ‘हौशी’ स्वारीचा, म्हणजे परस्परांशी फारशी ओळख नसलेल्या आणि पूर्वतयारीवाचून जमलेल्या खेळाडूंच्या स्वारीचा विचार करताना युद्धाच्या परिभाषेपेक्षा जत्रेची परिभाषा अधिक उपयोगी पडते. जत्रेला हौशे, नवशे आणि गवशे असे तिघे येतात, असे मराठी माणूस पूर्वापार म्हणत आला आहे. हौशी स्वारीवर जी टीका झाली तिने हौशा आणि गवशा यांत फरकच केला नाही.

‘एव्हरक्वेस्ट’ (१९९९) आणि ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ (२००४) या खेळांनी स्वारीचा आकृतिबंध रूढ केला. दुसऱ्या खेळाच्या आरंभीच्या काळात ‘मोल्टन कोर’सारख्या स्वारीला चाळीस जण लागत. शत्रूचा मारा अंगावर घेणारा, जखमा भरून काढणारा आणि प्रहार करणारा अशा भूमिका वाटून दिलेल्या असत. एकाची चूक सर्वांना भोवे. ही नवशांची स्वारी. ठरलेल्या रात्री हजर राहण्याचे व्रत, संघटनेचे नियम आणि उपस्थितीनुसार लुटीवरील हक्क मोजणारी गुणपद्धती असा तिचा सगळा आचारधर्म होता. पुढे नोव्हेंबर २०११ मध्ये या खेळात अशी सोय झाली की कोणीही एकट्याने नाव नोंदवावे, यंत्रणेने पंचवीस अनोळखी जण जुळवावेत आणि सौम्य केलेली स्वारी घडवून आणावी. नवशांचा आक्षेप तत्काळ आला : कष्टावाचून मिळणाऱ्या विजयाला अर्थ राहत नाही.

हा आक्षेप वरवर खेळाविषयी असला तरी मुळात तो साहित्यशास्त्रीय आहे. एस्पेन आर्सेथ यांनी ‘सायबरटेक्स्ट’ (१९९७) या ग्रंथात वाचकाकडून पाने उलटण्यापलीकडचे परिश्रम मागणाऱ्या संहितांचा वर्ग कल्पिला. त्यात वाचकाच्या कृतीवाचून संहिता पुढे सरकतच नाही. नवशांनी या ‘परिश्रमा’चा अर्थ ‘काठिण्य’ असा घेतला. दुर्बोधतेच्या वादात नवकवितेच्या काही समर्थकांनी आणि विरोधकांनी मिळून जी गल्लत केली होती तिचीच ही आवृत्ती म्हणावी लागेल. संहितेत सहभागी होणे आणि संहितेवर प्रभुत्व मिळवणे या दोन निराळ्या क्रिया आहेत. सहृदयाच्या संकल्पनेतही अधिकाराचा प्रश्न आहेच, पण तो अधिकार तन्मयतेचा आहे, स्पर्धेतील क्रमांकाचा नाही.

येथे कोकणातील, विशेषतः पेण-रोह्याच्या बाजूच्या, दोन व्यवहारांकडे लक्ष वेधता येईल. पेण आणि लगतच्या हमरापूर-जोहे या गावांत गणपतीच्या मूर्तींचे कारखाने आहेत. साच्यातून मूर्ती काढणारा, घासकाम करणारा, अंगाचा रंग देणारा आणि डोळ्यांची आखणी करणारा हे सहसा निरनिराळे हात असतात. आखणीचे कौशल्य दुर्मीळ आणि मानाचे. हंगामात मदतीला आलेल्या पोराच्या हाती कोणी ती कुंचली देत नाही. म्हणजे नवशा आणि हौशा येथेही आहेत. परंतु बाहेर पडणारी मूर्ती ‘पेणची’ म्हणून ओळखली जाते. आखणी करणाराची सही तिच्यावर नसते. लेखकाच्या मृत्यूची घोषणा रोलाँ बार्थ यांनी १९६७ मध्ये केली. सामूहिक कर्तृत्वाच्या या प्रदेशात तो लेखक जन्मालाच आला नव्हता, असे कोणी म्हटल्यास त्यात अतिशयोक्ती फारशी होणार नाही.

दुसरा व्यवहार गोविंद्याचा, आणि प्रस्तुत विषयाला तो अधिक जवळचा आहे. दहीहंडी ही मुळात स्वारीच : गोपाळांच्या टोळीने घराघरांवर घातलेली लोण्याची धाड. ठाणे-मुंबईच्या बक्षिसी हंड्यांनी तिचे रूपांतर नवशांच्या खेळात केले. सराव, थरांची मोजदाद, विमा, आणि २०१४ पासून उंची व वयाच्या मर्यादांवरून चाललेले न्यायालयीन वाद या सर्वांतून जाऊन २०२२ मध्ये राज्य शासनाने तिला साहसी खेळाचा दर्जा दिला. याउलट पेण-रोह्याकडच्या गावांतून आळीआळीने, अंगावर पाणी घेत, हातात हात गुंफून नाचत जाणारा गोविंदा अद्याप हौशी आहे. त्याची हंडी बेताच्या उंचीवर असते. खालच्या थरात कोण उभा राहील हे आदल्या महिन्यात ठरत नाही. खांदा मजबूत दिसला की त्याला पुढे ढकलले जाते. बाख्तिन यांनी राबलेवरील ग्रंथात (१९६५) लोकोत्सवाविषयी जे म्हटले, की तेथे नट आणि प्रेक्षक यांना विभागणारी रेषा नसते, ते स्पर्धेच्या हंडीला लागू पडत नाही. आळीतल्या हंडीला पडते.

परंतु दोहोंतील निर्णायक भेद उंचीचा नसून हंडी फुटल्यानंतरच्या घटनेचा आहे. गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवसाचे खरे नाव गोपाळकाला. काल्याची कथा संतांनी पुनःपुन्हा गायिली. प्रत्येक गोपाळाने आपापली शिदोरी आणली, सर्वांच्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या गेल्या आणि कृष्णाने तो काला वाटला. या कथेत मराठी संतकवींनी पेंद्याला आणून बसवले. लंगडा, दुबळा, गुरे वळण्यातही मागे पडणारा पेंद्या हा स्वारीच्या दृष्टीने निव्वळ ओझे होय. काल्यात मात्र त्याचा वाटा कमी होत नाही, आणि कृष्णाची त्याच्यावरची माया तर सर्वांहून अधिक. उलट शिदोरी न आणलेले देव उष्टे कण मिळावेत म्हणून यमुनेत मासे होऊन राहिले आणि गोपाळांनी हात पाण्यात धुतलेच नाहीत, अशी कथा आहे. म्हणजे काल्यात प्रवेशाची अट आहेच. ती सामर्थ्याची नाही, शिदोरीची आहे. पेंद्या आणि मत्स्यरूपी देव यांतला फरक हाच हौशा आणि गवशा यांतला फरक.

हौशी स्वारीचे एक महत्त्वाचे अभ्याससिद्ध चित्रण मार्क चेन यांच्या ‘लीट नूब्स’ (२०१२) या ग्रंथात आहे. मोल्टन कोरमध्ये जाणाऱ्या, मुख्यतः एकमेकांच्या सहवासासाठी जमलेल्या एका गटाचा त्यांनी आतून अभ्यास केला. हा गट कौशल्य मिळवतो, शत्रूचे लक्ष कोणाकडे किती वळले आहे हे मोजणारे उपयंत्र स्वीकारतो, आणि पूर्वी परस्परांच्या बोलण्यातून चालणाऱ्या कामाचा भार त्या उपयंत्रावर टाकतो. पुढे सहवासासाठी आलेले आणि लूट व प्रगती यांसाठी आलेले यांच्या अपेक्षा जुळेनाशा होऊन गट मोडतो. चेन यांचा कल हे माणसे आणि यंत्रे यांच्या जाळ्याचे स्थित्यंतर म्हणून पाहण्याकडे आहे. ते योग्यच आहे. पण काल्याच्या अंगाने पाहता या शोकांतिकेत आणखी एक गोष्ट दिसते. गट हरत असताना टिकला होता, आणि जिंकू लागल्यानंतर वाट्याचा प्रश्न त्याला सोडवता आला नाही.

नोव्हेंबर २०११ च्या सोयीने हा प्रश्न सोडवला नाही, तर पुसून टाकला. आरंभी त्या स्वाऱ्यांतही लूट एकत्र पडे आणि फासे टाकून वाटली जाई. त्यावरून कटुता फार. तेव्हा २०१२ मध्ये प्रत्येकाच्या पदरात त्याचा वाटा परस्पर, इतरांच्या नजरेआड पडू लागला. २०१८ मध्ये हीच रीत सर्व स्वाऱ्यांना लागू झाली. नवशांची तक्रार सौम्यतेविषयी होती. खरे नुकसान येथे झाले. कालवण्याची परात नाहीशी झाली. प्रत्येक जण आपली शिदोरी आणतो आणि आपलाच डबा उघडून खातो, आणि शेजारी पेंद्या बसला आहे की मासा हे कळण्याचे कारणच उरत नाही. संहितेच्या भाषेत सांगायचे तर संवाद गळून पडला आणि रंगसूचना तेवढ्या शिल्लक राहिल्या. कित्येकदा पंचवीस जणांची स्वारी एकही शब्द न उमटता पुरी होते. अशा संहितेत इझर यांना अभिप्रेत असलेल्या रिकाम्या जागा पुष्कळ आहेत, परंतु त्या भरण्यासाठी वाचक दुसऱ्या वाचकाकडे वळत नाही.

यावर असे म्हणता येईल की कटुता टळली हे काय थोडे झाले. आळीतल्या गोविंद्यातही भांडणे होतातच. वर्गणीवरून होतात, मानावरून होतात. पण ती भांडणे ज्यांच्यात होतात त्यांना दुसऱ्या दिवशी एकाच आळीतून जायचे असते, आणि पुढल्या वर्षी त्यांच्यापैकीच कोणाच्या तरी खांद्यावर उभे राहायचे असते. यंत्रणेने जुळवलेल्या पंचवीस जणांना पुढले वर्ष नाही. म्हणून तेथील भांडण निरर्थक ठरते आणि ते टाळणेही तितकेच निरर्थक. २०२२ मध्ये या खेळाने स्वाऱ्यांत एकत्र वाटपाची रीत पुन्हा आणली, तेव्हा खेळाडूंच्या एका वर्गाने तिचे स्वागत केले आणि दुसऱ्याने जुन्या कलहांची आठवण दिली. दोन्ही प्रतिक्रियांत परातीला हात लागल्याची जाणीव आहे. परात परत आली. तिच्याभोवती बसणाऱ्यांनी एकमेकांची नावे विचारली की नाही, हे त्या रात्रींच्या संभाषणाच्या नोंदी वाचल्यावरच सांगता येईल, आणि समीक्षेने खेळाच्या नियमांइतकेच लक्ष त्या नोंदींकडे देणे आता आवश्यक झाले आहे.