बेने इस्राएलांचा घरगुती पत्रव्यवहार

इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हांपासून जुन्या पत्रांचें मोल मराठी वाचकास निराळें सांगावें लागत नाहीं. मात्र तो मान दरबारी पत्रांस मिळाला; आईनें मुलास किंवा भावानें बहिणीस लिहिलेलें पत्र आपण अजून रद्दींतच घालतों. बेने इस्राएल समाजाच्या इतिहासाची या वृत्तीनें जी हानि होत आहे, ती लहान नव्हे.

या समाजाचे जुन्यांत जुने लेखी उल्लेख पत्रांतच सांपडतात. पण तीं पत्रें परक्यांचीं. एक १७३८ सालचें, सार्टोरियस नांवाच्या मिशनऱ्याचें. दुसरें १७६८ सालीं कोचीनच्या यहेझकेल राहाबी यांनीं टोबियास बोआस यांस धाडलेलें. शनिवारीं घाणा बंद ठेवणारे कोंकणांतले हे ‘शनवार तेली’ जगास प्रथम दिसले ते असे दुसऱ्यांच्या डोळ्यांनीं. पुढें हाईम सॅम्युएल केहिमकर यांनीं स्वसमाजाचा इतिहास लिहिला. १८९७ सालीं पुरा झालेला तो ग्रंथ तेल अवीव येथें १९३७ सालीं छापला गेला. म्हणजे चाळीस वर्षें तो हस्तलिखितांतच राहिला! ग्रंथ मोलाचा आहे, याविषयीं शंका नाहीं. पण तो इंग्रजींत आहे, आणि ज्यांच्याविषयीं लिहिला त्यांच्या घरांतली भाषा मराठी. चालीरीति त्यांत भरपूर आढळतात. माजघरांतलें बोलणें मात्र कानीं येत नाहीं.

तें बोलणें पत्रांत असतें. १९४८ नंतर समाजाचा बहुतेक भाग इस्राएलास गेला आणि एकेक कुटुंब दोन देशांत विभागलें. पत्र जपतो तो घेणारा, लिहिणारा नव्हे. त्यामुळें तिकडून आलेलीं पत्रें कुर्ल्यापासून ठाण्यापर्यंतच्या घरांत, आणि त्यांचीं उत्तरें लोद, अश्दोद, बीरशेबा येथील कपाटांत, अशी एकाच संभाषणाची फाळणी झाली आहे. जेरुसलेमचें यहुदी इतिहासाचें मध्यवर्ती दप्तर १९३९ पासून कागद गोळा करीत आलें आहे. पण अर्धें संभाषण तेथें नेऊन ठेवल्यानें तें पुरें कसें होणार? दोन्ही बाजूंच्या प्रती एकत्र केल्या पाहिजेत.

याची निकड एका उदाहरणानें पटेल. १९५१ च्या अखेरीस कांहीं बेने इस्राएल कुटुंबांनीं तेल अवीवमध्यें ज्यूइश एजन्सीपुढें धरणें धरलें. आम्हांस परत पाठवा, हें त्यांचें मागणें. १९५२ सालीं कित्येक परतले, व त्यांतले बरेच पुढें पुन्हां तिकडेच गेले. सरकारी कागदांत मागणी सांपडेल. परतण्याचा आणि पुन्हां जाण्याचा निर्णय घरांत कोणी, कोणाच्या शब्दावरून घेतला, हें शोधावयाचें तर घरचीं पत्रेंच पाहिलीं पाहिजेत.

महत्त्वाचीं तेवढींच पत्रें निवडून घेण्याची जी पद्धत आहे, ती आम्हांस मान्य नाहीं. कैरोच्या गेनिझांतून बाराव्या शतकांत मंगळुरास राहिलेल्या बेन यिजू व्यापाऱ्याचीं पत्रें मिळालीं, तीं कोणी निवडल्यामुळें नव्हे; ईश्वराचें नांव असलेला कागद नष्ट करूं नये, या रूढीमुळें तेथें हिशेबाचे चिठोरेहि राहिले. अर्थात् घरच्या भांडणाचा कागद कोणास व केव्हां दाखवावा, तें ठरविण्याचा अधिकार घराकडेच असावा. आणि पत्राबरोबर तें वाचून दाखविणारें माणूसहि हवें. ‘बाय’ म्हणजे कोणती बाय, ‘धाकल्या’ कोण, हें आजी आहे तोंवर विचारून टिपून ठेवावें. पाकीटहि टाकूं नये. तिकिटें जमविणाऱ्या मुलांनीं त्याचा कोपरा कापून नेला कीं टपालाचा शिक्का जातो; आणि आंत तारखेच्या जागीं पुष्कळदां नुसतें ‘शुक्रवार’ एवढेंच लिहिलेलें असतें.