उसाच्या फडातली भुते

एकच गोष्ट दुसऱ्यांदा का सांगावी, हा प्रश्न कीर्तनकाराला कधी पडत नाही, आणि वर्षानुवर्षे त्याच शुभवर्तमानांवर प्रवचन करणाऱ्या आम्हांसही तो पडून चालणार नाही. चित्रपट आणि दूरचित्रवाणी मालिका यांच्या बाबतीत मात्र तो विचारावा लागतो. तेथे पुष्कळदा जुन्या मुद्दलावर नवे व्याज मिळवणे एवढाच दुसऱ्या कथनामागचा हेतू असतो. क्वचित असेही घडते, की पहिल्या वेळी कथेच्या पोटात जे राहून गेले ते दुसऱ्या वेळी बाहेर येते. प्रस्तुत लेखात आम्ही अशा दोन जोड्यांचा विचार करणार आहोत. एक जोडी जपानची. दुसरी मराठीत जन्मलेली आणि पुढे हिंदीत गेलेली. दोन्ही कथा भुताखेतांच्या आहेत, आणि दोन्हींच्या मुळाशी नवजात अर्भकाचा बळी आहे.

धर्मगुरूने असल्या कथा पाहाव्यात काय, असे आम्हांस अधूनमधून विचारले जाते. आम्ही या प्रकाराचे जुने रसिक आहोत, एवढेच आमचे उत्तर. सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या जाडजूड ग्रंथांच्या शेजारी नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी सुखाने नांदत असत. १९८५ साली दूरदर्शनवर आलेल्या रामानंद सागर यांच्या 'विक्रम और बेताल'मधील पाठीवरचे ते बोलके प्रेत आमच्या पिढीच्या स्मरणातून गेलेले नाही. जपानी अ‍ॅनिमे म्हणजे कोठले तरी परके खूळ, असे मानणाऱ्या पालकांनी १९९३ सालचे रविवार आठवावेत. मोगलीची जी 'जंगल बुक' मालिका पाहण्यासाठी मुले मिस्सा संपताच घराकडे धाव घेत, ती जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशन या संस्थेने १९८९ साली तयार केलेली होती.

भुतांच्या मालिकांना एक खोड असते. भूत लोकप्रिय झाले की ते भिववायचे विसरते. झी मराठीवर २०१६ साली सुरू झालेल्या 'रात्रीस खेळ चाले'चे पहिले पर्व कोकणातील एका घराच्या कोंदट भयाने भारलेले होते. २०१९ साली दुसरे पर्व आले, ते आधीच्या काळाचे. त्यात अण्णा नाईक जिवंत झाले, माधव अभ्यंकर यांनी ती भूमिका गाजवली, आणि ज्या माणसाची दहशत वाटावी त्याचे संवाद लग्नाच्या वरातीत ऐकू येऊ लागले. करमणूक झाली, भय मात्र ओसरले. जपानी मंडळी या बाबतीत अधिक शिस्तीची वाटतात. 'फुलमेटल अल्केमिस्ट' ही मृत आईला परत आणू पाहणाऱ्या दोन भावांची कथा २००३ साली मालिकेत आली, तेव्हा मूळ चित्रकथा अपुरी होती. म्हणून मालिकेने स्वतःचा वेगळा शेवट रचला. २००९ साली तीच कथा मूळ पुस्तकाला धरून पुन्हा सांगितली गेली. येथे दुसऱ्या कथनाला कारण आहे, आणि ते प्रामाणिक आहे.

परंतु आमच्या मनात घर केले ते 'दोरोरो'ने. धर्मग्रामातील महाविद्यालयीन मुलांच्या आग्रहावरून आम्ही ती मालिका पाहू लागलो आणि चोवीस भाग संपेपर्यंत थांबलो नाही.

ओसामू तेझुका यांनी ही चित्रकथा १९६७ साली लिहावयास घेतली. तेझुका हे वैद्यकाचे पदवीधर. मानवी देहाचे सांधे आणि अवयव त्यांनी अभ्यासिले होते, हे या कथेच्या पानोपानी जाणवते. (त्यांच्या संस्थेने इटलीच्या 'राय' या दूरचित्रवाणी संस्थेबरोबर जुन्या करारातील कथांवरही एक मालिका केली आहे, तिच्याविषयी पुन्हा केव्हा तरी.) १९६९ साली 'दोरोरो'ची कृष्णधवल मालिका निघाली, आणि बरोबर पन्नास वर्षांनी, २०१९ साली, काझुहिरो फुरुहाशी यांच्या दिग्दर्शनाखाली तीच कथा नव्याने आली. कथा अशी : दाइगो कागेमित्सू नावाचा सरदार दैत्यांशी करार करतो. सत्ता आणि वैभव यांच्या मोबदल्यात तो आपले होऊ घातलेले मूल त्यांना देऊ करतो. मूल जन्माला येते ते हातपाय, डोळे, कान, त्वचा यांवाचून, केवळ एक जिवंत गोळा. त्याला नदीत सोडून देण्यात येते. जुकाई नावाचा एक कारागीर त्याला वाचवतो, लाकडी अवयव करून देतो, आणि हियाक्किमारू हा मुलगा मोठा होऊन एकेका दैत्याला मारत आपले शरीर तुकड्यातुकड्यांनी परत मिळवू लागतो. त्याच्या सोबतीला दोरोरो हे पोरके, चोरटे, बडबडे पोर आहे.

आता दुसऱ्या कथनाने काय केले ते पाहावे. मूळ कथेत दैत्य अठ्ठेचाळीस होते. नव्या मालिकेत ते बारा आहेत. त्यामुळे पसारा आवरला. मूळचा हियाक्किमारू बराच बोलका होता; नवा प्रारंभी मुका, बहिरा आणि आंधळा आहे, आणि जेव्हा त्याला कान परत मिळतात तेव्हा जगाचा गोंगाट त्याला आनंद न देता असह्य वेदना देतो. पण खरा बदल याहून खोल आहे. जुन्या कथेतील बाप मुख्यतः सत्तालोभी होता. नव्या मालिकेत करारानंतर दाइगोच्या मुलखात पाऊस वेळेवर पडतो, पीक येते, रोगराई हटते, शेजारचे शत्रू दूर राहतात. लोक सुखी आहेत. आणि हियाक्किमारूने एक दैत्य मारून एक अवयव मिळवला, की त्या मुलखातील कोठले तरी सुख आटते. दुष्काळ परततो. ज्यांनी काही पाप केलेले नाही असे शेतकरी उपाशी पडतात. धाकटा भाऊ ताहोमारू प्रजेचा कैवार घेऊन त्याच्यावर शस्त्र उगारतो, आणि जन्मदात्री आईदेखील त्या घडीला पुत्राच्या बाजूला उभी राहू शकत नाही.

राष्ट्र तरावे म्हणून एकाचा जीव गेला तर बिघडले कोठे, हा कयफाचा हिशेब आम्ही पवित्र आठवड्यात दरवर्षी ऐकतो. त्या हिशेबाने ज्यांचे पोट भरले त्यांच्या चेहऱ्यांकडे मात्र आम्ही सहसा पाहत नाही. 'दोरोरो'ची नवी मालिका तेथेच पाहावयास लावते. दैत्य भयंकर आहेत, पण ते फार काळ भिववीत नाहीत. भिववते ती दाइगोच्या मुलखातील हिरवीगार भातशेती.

मालिका निर्दोष आहे असे नव्हे. उत्तरार्धातील काही भागांत रेषा ढिली पडते, एकदोन दैत्य केवळ भाग भरण्यासाठी आले आहेत. तरीही दोरोरोच्या आईचा प्रसंग आम्ही विसरू शकत नाही. दुष्काळात कढत पेज वाटली जात आहे आणि तिच्यापाशी वाडगे नाही. ती दोन्ही हातांची ओंजळ पुढे करते आणि त्या ओंजळीतून लेकराला पाजते. मराठवाड्यात १९७२चा दुष्काळ ज्यांच्या घरी सांगितला जातो त्यांना हा प्रसंग जपानी वाटणार नाही. आणखी एक गोष्ट : हे दोरोरो नावाचे पोर मुलगा म्हणून वाढवलेली मुलगी आहे. त्या जगात मुलगी म्हणून जगणे धोक्याचे, म्हणून आईबापांनी तिला मुलगा केले.

येथून आम्ही आमच्याकडे वळतो. विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' हा मराठी चित्रपट जुलै २०१७ मध्ये महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. कर्जाच्या तगाद्याने पळालेले एक शहरी जोडपे उसाच्या रानातील एकाकी घरात आश्रयाला येते. पत्नी नेहा गरोदर आहे. घरातील तुळसाबाई तिची काळजी घेते, आणि उसातून मुलांचे आवाज येऊ लागतात. लपाछपीचा खेळ चालू होतो. पुढे उलगडते ते या घरातील मुलींच्या हत्येचे रहस्य. पूजा सावंत यांनी नेहाचे भय प्रामाणिकपणे साकारले आहे, परंतु चित्रपट तोलून धरला आहे तो उषा नाईक यांनी. त्यांची तुळसाबाई जेवू घालते, चार समजुतीच्या गोष्टी सांगते, बाळंतपणाचा सल्ला देते. प्रत्येक मराठी घरात अशी एक मावशी असते. म्हणूनच तिच्या मायेच्या स्वरातला गारठा ओळखू येण्यास वेळ लागतो, आणि ओळखू आल्यावर अंगावर काटा येतो.

त्याच दिग्दर्शकाने २०२१ साली हाच चित्रपट हिंदीत 'छोरी' या नावाने पुन्हा केला. नुसरत भरूचा नायिका आहेत, आणि तुळसाबाईच्या जागी मीता वशिष्ठ यांची भन्नो देवी. वशिष्ठ थोर अभिनेत्री आहेत. त्यांचा आवाजच घर भरून टाकतो. पण त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या त्या क्षणीच प्रेक्षक सावध होतो. तुळसाबाईवर आपण विश्वास ठेवला होता. भन्नो देवीवर कोणी ठेवणार नाही. उसाचे रान अधिक भव्य झाले आहे, चक्रव्यूहासारखे; छायाचित्रण देखणे आहे. गोष्ट मात्र उत्तरेत गेली. आणि उत्तरेत गेल्याबरोबर मराठी प्रेक्षकाला एक सोय झाली : 'तिकडे असेच चालते' असे म्हणून सुटण्याची. २०२५ साली 'छोरी २' आला. त्यात पसारा आणखी वाढला, आणि आमच्या मते गोष्ट आणखी दूर गेली.

ही सोय बीड जिल्ह्यात राहणाऱ्यांनी घेऊ नये असे आम्हांस वाटते. २०११च्या जनगणनेत सहा वर्षांखालील एक हजार मुलग्यांमागे आमच्या जिल्ह्यात ८०७ मुली होत्या. महाराष्ट्रातील हा सर्वांत नीचांक. दहा वर्षांपूर्वी, २००१ साली, त्या ८९४ होत्या. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा १९९४ सालचा आहे, म्हणजे ही घसरण कायदा असताना झालेली आहे. २०१२ साली परळीत गर्भपात करताना एका स्त्रीचा मृत्यू झाला आणि ते प्रकरण देशभर गाजले. पुढे न्यायालयाने त्यात शिक्षाही दिली. या साऱ्यात विहीर नव्हती, मंत्रतंत्र नव्हते, केस मोकळे सोडलेली म्हातारी नव्हती. दवाखाना होता, पांढऱ्या चादरी होत्या, सोनोग्राफीचे यंत्र होते. या दोन्ही चित्रपटांविषयी आमची मुख्य तक्रार हीच आहे. ते पाप एका जुन्या घराच्या अंधारात नेऊन ठेवतात. शहरी माणसाला ते अगदीच मोकळे सोडत नाहीत, हे खरे. 'छोरी'त तर शहरातून आलेल्या माणसाचेही हात स्वच्छ राहत नाहीत. शेवट सांगून आम्ही कोणाचा रसभंग करणार नाही. तथापि त्या हत्यांनी काय विकत घेतले, कोणाचे भले झाले, हा प्रश्न चित्रपट विचारीत नाही. शाप, रूढी, कुळाचा हट्ट, एवढ्यावर तो समाधान मानतो.

आणि ऊस! दोन्ही चित्रपटांत ऊस हे पात्र आहे असे कौतुकाने म्हटले जाते. ते पात्र नाही, तो पडदा आहे. ऊस तोडणाऱ्या माणसाला या कथेत काहीच काम नाही. आमच्या जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते, आणि एका दिवसाचा खाडा पडला तर दंड कापला जातो. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने नेमलेल्या समितीसमोर बीड जिल्ह्याची जी पाहणी आली तिच्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. कारणे अनेक सांगितली गेली. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये, हे त्यांतील एक. आमच्या बायाबापड्या 'पिशवी काढली' असे म्हणतात, जणू बाजारची पिशवी खुंटीवरून काढली.

'दोरोरो' पाहताना आम्ही मध्येच मालिका थांबवून बसलो होतो ते याच विचाराने. तेझुकांनी कल्पिलेल्या सौद्यात एकाचे कान, दुसऱ्या वेळी डोळे, असे मोजून घेतले जातात आणि त्या बदल्यात मुलखाला पाणी आणि पीक मिळते. जपानी कलावंतांना बीड ठाऊक असण्याचे कारण नाही. तरीही आमच्या फडाचा हिशेब त्यांच्या मालिकेत अधिक उघड मांडला गेला आहे, आणि उसातच चित्रित झालेल्या दोन भारतीय चित्रपटांत तो सापडत नाही, याची आम्हांस खंत वाटते. 'लपाछपी' तिसऱ्यांदा करण्याचे कोणाच्या मनात आलेच, तर त्याने उसात शिरणारी भुते पाहण्याऐवजी ऊस कोठे जातो ते पाहावे. गळीत हंगामाच्या रात्री कारखान्याच्या दिव्यांखाली उभी असलेली बैलगाड्यांची रांग, मोळ्यांवर झोपलेली लेकरे, खोपीतली चूल. भयकथेला याहून अधिक साहित्य लागत नाही.

पालकांसाठी दोन शब्द. 'दोरोरो' हे चित्रांतले असले तरी बालचित्र नव्हे. त्यात रक्त आहे, युद्धातील स्त्रियांची विटंबना आहे, म्हणून दहावीच्या आतील मुलांना ते दाखवू नये. 'लपाछपी' आणि 'छोरी' यांपैकी एकच पाहावयाचा असेल तर मराठीच पाहावा, आणि घरात गरोदर स्त्री असल्यास तिला त्यापासून दूर ठेवावे. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे उन्हाळ्यात परततात. त्या वेळी धर्मग्रामातील तरुण-तरुणींबरोबर तो पुन्हा पाहण्याचा आमचा मनोदय आहे. त्यांतील पुष्कळ मुली पाचटात खेळून मोठ्या झालेल्या आहेत. पडद्यावरचा फड कितपत खरा आहे, ते त्या आमच्यापेक्षा बरे सांगतील.