मातापितरांसह यात्रा : पंडिता रमाबाईंच्या आत्मकथनाचा एक विचार

नागपूरच्या गांधीबागेतील कापडपेठेतला एखादा मुलगा वृद्ध आईवडिलांना मोटारीत बसवून जबलपूरच्या रस्त्याने काशीला निघाला, म्हणजे शेजारीपाजारी त्याला श्रावणबाळ म्हणतात. ही उपमा इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यात यात्रेची एक विशिष्ट कल्पना गृहीत धरलेली आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. श्रावणाच्या कथेत मुलगा वाहतो आणि मातापितर वाहिले जातात. पुंडलिकाच्या आख्यायिकेत काशीच्या वाटेवर मुलाला उपरती होते व तो त्यांच्या सेवेला लागतो. विष्णुभट गोडसे यांच्या १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘माझा प्रवास’ ह्या ग्रंथात मुलगा काकांबरोबर उत्तरेकडे जातो, आणि परतताना गंगेची कावड आणून घरी राहिलेल्या आईवडिलांना स्नान घालतो. तिन्ही ठिकाणी ऋण मुलाकडे आहे आणि सेवा ही त्या ऋणाची फेड आहे. मातापितरांनी निवडलेली वाटच मुलांच्या नाशाला कारण झाली तर काय, हा प्रश्न ह्या परंपरेत उद्भवत नाही.

तो प्रश्न पंडिता रमाबाईंच्या आत्मकथनात उद्भवतो. हे आत्मकथन मूळ इंग्रजीत लिहिलेले असून तेही १९०७ सालीच प्रसिद्ध झाले, हा योगायोग लक्षणीय आहे. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविले, आणि लक्ष्मीबाईंनी ती विद्या मुलीला दिली. रमाबाईंचा जन्म १८५८ साली सह्याद्रीतील गंगामूळ येथील आश्रमात झाला. त्या सहा महिन्यांच्या असतानाच कुटुंब आश्रम सोडून तीर्थाटनास निघाले. पुढील आयुष्य तीर्थोतीर्थी पुराण सांगण्यात गेले. त्या मिळकतीचा मोठा भाग दानधर्मात खर्च होई. पुराणकथनाखेरीज उपजीविकेचे दुसरे साधन मुलांना शिकविलेले नव्हते. संचित संपले, दक्षिणेत दुष्काळ पडला, आणि १८७४ साली वडील व पाठोपाठ आई मृत्यू पावली. तेव्हा थोरला भाऊ श्रीनिवास कर्ता पुरुष होता आणि रमाबाई सोळा वर्षांच्या होत्या.

ह्या आत्मकथनात तीन प्रसंग एकमेकांशी बांधलेले आहेत. पहिल्यात तान्ही रमाबाई वेताच्या पेटाऱ्यात, गड्याच्या डोक्यावरून प्रवास करते. दुसऱ्यात अन्नान्न झालेले कुटुंब रानात आहे. दृष्टी गेलेले वडील जलसमाधीचा निश्चय करतात, धाकट्या मुलीला जवळ घेऊन धर्ममार्ग न सोडण्याचा उपदेश करतात, आणि त्याच वेळी श्रीनिवास जातीचा अभिमान टाकून मोलमजुरी करण्याची तयारी दाखवितो. तिसऱ्यात आईची तिरडी उचलण्यास माणसे मिळत नाहीत. दोन ब्राह्मणांना दया येते, चौथा खांदा मुलीचा होतो, आणि उंची कमी पडल्यामुळे तिला आपल्या वाट्याचा भार डोक्यावर घ्यावा लागतो. जिचा प्रवास परक्याच्या डोक्यावरील पेटाऱ्यात सुरू झाला, तिच्या डोक्यावर आईची तिरडी येते. लेखिका ह्या दोन भारांचा संबंध स्वतः जोडून दाखवीत नाही, आणि त्यामुळेच तो वाचकास अधिक जाणवतो.

यावर एक आक्षेप संभवतो. रमाबाईंनी १८८३ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि हे लेखन त्यानंतर चोवीस वर्षांनी श्रद्धेची साक्ष म्हणून झाले. तीर्थयात्रेची व्यर्थता दाखविणे हा त्याचा उघड हेतू आहे. मग ह्या आठवणी त्या हेतूने रंगविलेल्या नसतील कशावरून? आक्षेप रास्त आहे. यात्रेविषयीचा लेखिकेचा निर्णय तिच्या उत्तरायुष्याचा आहे, त्या रानातल्या मुलीचा नव्हे. परंतु हेतूच सर्वस्वी बलवत्तर असता, तर ज्या वडिलांच्या निष्ठेने कुटुंब उपाशी पडले त्यांचे चित्र कठोर उतरले असते. तसे झालेले नाही. यात्रेची निष्फळता स्पष्ट शब्दांत सांगणारी लेखणी वडिलांच्या स्पर्शापाशी येताच दोषारोप विसरते. धर्ममार्ग न सोडण्याचा त्यांचा उपदेशही ती उपहासाने नव्हे, आदराने नोंदविते. निर्णय आणि निवेदन यांतील ही तफावत म्हणजे लेखनातील वैगुण्य नव्हे. तीच त्याच्या विश्वसनीयतेची खूण मानावी लागते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ज्या वाटेने हे कुटुंब नाहीसे केले, तीच रमाबाईंची पाठशाळा होती. भागवत त्यांनी तेथेच मुखोद्गत केले. आईवडिलांमागे भावंडांनी अनेक वर्षे पायी भ्रमण केले, आणि १८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली, तेव्हा ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या रमाबाईंना त्याच विद्येमुळे मिळाल्या. वारसा आणि विनाश एकाच हाताने दिलेले आहेत. एक ठेवून दुसरा टाकण्याची सोय मुलीला नाही. श्रावणाच्या कथेत ही अडचण नाही, कारण तेथे मातापितर निर्दोष असून प्रमाद परक्या राजाच्या बाणाचा आहे.

ऋण मात्र येथेही आहे, फक्त त्याच्या फेडीची दिशा पालटलेली आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात, म्हणजे नागपूर ज्याची राजधानी होती त्या प्रांतात, गेल्या आणि सुमारे ३०० मुली व तरुण स्त्रियांना त्यांनी आसरा दिला. आपण स्वतः सोसलेली उपासमार त्यांना तेथे खेचून नेत होती. आईवडिलांसाठी जे करता आले नाही, ते परक्यांच्या लेकींसाठी झाले. तेव्हा मुलाने मातापितरांना तीर्थास नेले की ऋण फिटले, हे श्रावणाच्या उपमेतील गृहीत ह्या आत्मकथनापुढे अपुरे ठरते. त्यांच्या वाटेचा स्वतः निवाडा करून, त्यांच्याविषयीची माया न सोडता पुढे चालणे हेही अपत्याचे कर्तव्य असू शकते, हा विचार मराठी मनापुढे इतक्या निर्भयपणे मांडणारी आत्मकथने थोडीच आहेत.