घराणे वगळलेली सत्ताकथा

रॉबर्ट पेन वॉरन यांची ‘ऑल द किंग्ज मेन’ (1946) ही कादंबरी लुइझियानाचे गव्हर्नर ह्यूई लाँग यांच्यावर बेतलेली आहे, हे समीक्षेने फार लवकर ठरवून टाकले. वॉरन यांना हे समीकरण मान्य नव्हते. या वादात एक गोष्ट दुर्लक्षितच राहिली. लाँग यांची सत्ता पुढे एका घराण्याची सत्ता झाली. कादंबरीतून नेमके ते घराणेच नाहीसे झाले आहे.

ह्यूई 1928 मध्ये गव्हर्नर झाले आणि पुढच्याच वर्षी महामंदीला आरंभ झाला. रस्ते, पूल, मोफत पाठ्यपुस्तके या त्यांच्या कामांना त्या पडत्या काळात वेगळेच मोल आले. 1934 साली त्यांनी मांडलेल्या संपत्तीच्या फेरवाटपाच्या योजनेत हक्कदार होते ते कुटुंब. प्रत्येक कुटुंबाला संसारापुरती किमान मालमत्ता मिळावी, हे तिचे आश्वासन. त्यांचे स्वतःचे कुटुंब मात्र दुभंगलेले होते. धाकटे बंधू अर्ल यांच्या उमेदवारीला 1932 मध्ये त्यांनी पाठिंबा नाकारला. पुढे अर्ल आणि ज्यूलियस या भावांनी सेनेटच्या चौकशीत त्यांच्याविरुद्ध साक्षी दिल्या. 1935 मध्ये ह्यूईंची हत्या झाली आणि सत्तेचा वारसा त्याच घरात राहिला. पत्नी रोझ सेनेटमध्ये गेल्या. अर्ल तीन वेळा गव्हर्नर झाले.

वॉरन यांचा विली स्टार्क याउलट एकाकी आहे. पत्नी ल्यूसी दुरावलेली, मुलगा टॉम फुटबॉलच्या मैदानावर जायबंदी होऊन पुढे मरण पावणारा. अखेरीस उरते ते ल्यूसीने सांभाळायला घेतलेले, पितृत्वाविषयी संशय असलेले एक तान्हे मूल. वंशाचा प्रश्न वॉरन यांनी सत्ताधीशाकडून काढून निवेदक जॅक बर्डनकडे सोपवला आहे. न्यायाधीश आयर्विन हाच आपला पिता, हे जॅकला कळते ते त्या पित्याच्या आत्महत्येनंतर. आणि तिला कारण ठरलेले गुपित त्यानेच खणून काढलेले असते. कादंबरीतील सर्वांत समर्थ भाग हाच. विवेकाची शोकांतिका म्हणून तिला आलेली उंची याच स्थलांतरातून आली आहे, हे निःसंशय.

परंतु त्याची किंमत मतदाराने मोजली. मंदी येथे पार्श्वभूमीपलीकडे फारशी सरकत नाही. तिने गांजलेला माणूस विलीच्या सभेतील गर्दीपुरता उरतो. नेता गेला की त्याची गोष्टही संपते. लुइझियानात ती संपली नव्हती. कादंबरी प्रसिद्ध झाल्यानंतर दोनच वर्षांनी, 1948 मध्ये, तेथील मतदारांनी अर्ल यांना पुन्हा गव्हर्नर केले आणि ह्यूईंचे पुत्र रसेल यांना सेनेटमध्ये पाठवले. तेथे ते 1987 पर्यंत राहिले.