समुद्रतळी ठेवलेला कार्बन

धुराड्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड पकडावा, दाब देऊन द्रवरूप करावा आणि खोल समुद्राच्या तळाशी नेऊन ठेवावा, अशी सूचना अनेक वर्षे मांडली जात आहे. तिच्यामागचे विज्ञान खोटे नाही. सुमारे ३००० मीटर खोलीवर दाब वातावरणाच्या ३०० पट होतो. तेथे हा द्रव समुद्राच्या पाण्याहून जड ठरतो आणि तळाशी साचून राहतो. आमचा आक्षेप या ‘राहतो’ला आहे.

१९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ ३६०० मीटर खोलीवर हा द्रव उघड्या पात्रात ओतला होता. पाण्याशी संयोग होऊन हायड्रेट नावाचा बर्फासारखा घन पदार्थ बनला आणि काही तासांतच पात्र ओसंडले. शिवाय हा द्रव हळूहळू विरघळतो व आसपासच्या पाण्याची आम्लता वाढवतो. पुढच्या प्रयोगांत अशा साठ्यांशेजारच्या गाळातील लहान जीव मोठ्या संख्येने मेलेले आढळले. विरघळलेला वायूही प्रवाहांबरोबर काही शतकांनी पुन्हा वर येऊ लागतो. म्हणूनच लंडन करारातील २००६ च्या दुरुस्तीने समुद्रतळाखालच्या खडकात साठवण करण्यास वाट दिली, तळावर ओतण्यास नाही.

वर्धा जिल्ह्यातल्या वाचकांना समुद्र दूरचा वाटेल. हिशेब मात्र जवळचा आहे. शेजारच्या चंद्रपूर औष्णिक केंद्रातील ५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण क्षमतेने तासभर चालला, की ५ लाख युनिट वीज तयार होते. युनिटमागे ढोबळमानाने १ किलो वायू धरला, तर तासाला ५०० टन झाले. तो मुंबईपर्यंत नेला, तरी पुढे सुमारे ३०० किलोमीटर रुंदीचा उथळ समुद्र ओलांडल्यावरच खोल पाणी लागणार. पकडणे, दाबणे, वाहून नेणे यांसाठी पुन्हा कोळसाच जळायचा!

मग आपल्या पायाखालच्या काळ्या दगडाचे काय? वर्धा जिल्ह्याचा बराचसा भाग बेसाल्टवर वसला आहे. आइसलँडमध्ये २०१२ साली पाण्यात विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड बेसाल्टमध्ये सोडण्यात आला. खडकातील कॅल्शियमशी संयोग होऊन दोन वर्षांच्या आत त्याचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग खनिजरूप झाला. येथे वायू नुसता लपत नाही, त्याचा दगड होतो. म्हणून हा मार्ग आम्हाला अधिक भरवशाचा वाटतो. पण तेथे एक टन वायूमागे सुमारे २५ टन पाणी लागले. म्हणजे वरील एका संचाला तासाला साडेबारा हजार टन! आणि आपल्या विहिरींचे पाणी याच बेसाल्टमध्ये आहे. अमेरिकेत वॉलुला येथे २०१३ मध्ये पाणी न मिसळता सुमारे हजार टन वायू बेसाल्टमध्ये सोडून पाहिला; आपल्याकडे अभ्यास व्हायचा तर तो या दिशेने व्हावा.

साठवणीच्या भरवशावर कोळसा जाळत राहणे मात्र आम्हाला मान्य नाही. शिक्षकांनी हा हिशेब वर्गात जरूर करून घ्यावा. विद्यार्थ्यांनी घरचे वीजबिल आणावे. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घरामागे सुमारे १०० किलो वायू येतो, आणि तो आइसलँडच्या रीतीने पुरायचा तर अडीच हजार लिटर पाणी लागेल. ते कोणत्या विहिरीतून आणायचे, हे मुलांनाच विचारावे.