फुग्याला वर ढकलते कोण?

औरंगपुऱ्यातील दुकानांत आम्ही विज्ञानाची काही गाइडे चाळली. हायड्रोजन हलका म्हणून फुगा वर जातो, इतकेच उत्तर तेथे आढळले. ते चूक नाही, अपुरे आहे. वर ढकलणारी बाहेरची हवा त्यात नाहीच! १ घनमीटर हवा सुमारे १.२ किलोग्रॅम भरते, तेवढाच हायड्रोजन ०.१ किलोग्रॅमहून कमी. या फरकाहून फुगा व ओझे हलके असेल तरच फुगा चढतो.

मग थांबतो कुठे? २००१ साली जयंत नारळीकरांच्या गटाचा, हैदराबादहून सोडलेला फुगा ४१ किलोमीटर उंच गेला. असे फुगे जमिनीवर बरेचसे रिकामे असतात, विरळ हवेत फुगत जातात. पूर्ण फुगल्यावर बाजूला सारलेल्या हवेचे वजन घटू लागते. ते एकूण वजनाइतके झाले की फुगा तरंगतो. पाठ केलेल्या उत्तरातून हा प्रश्न मुलांना सुचणारच नाही. तो शिक्षकांनीच विचारायला हवा.